दादा, मायोर्काच्या घाटांची आखणी

बार्सिलोना,
फेब्रुवारीअखेर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुझं मे महिन्याचं तिकीट निघालं हे वहिनीने कळवलं आणि त्याच रात्री मी नकाशा उघडून बसले. आपल्या मायोर्कातल्या सायकल फेरीबद्दल फोनवर तू म्हणालास, "किनाऱ्याचा रस्ता आहे, दीडशे किलोमीटर सहज होतील." तू साडेतेरा तासांच्या मुदतीत दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत संपवायची लांब सायकल फेरी, पुरी करणारा माणूस, त्यामुळे अंतराची मला काळजी नाही. काळजी चढाची आहे. म्हणून सगळं लिहूनच पाठवते. शांतपणे वाच.

स्पेनच्या मायोर्का बेटाच्या वायव्य कडेने सेरा दे त्रामुंताना ही डोंगररांग गेली आहे. डोंगर थेट समुद्रात उतरतात, त्यामुळे पाण्याच्या कडेने जाणारा सपाट रस्ता तिथे जवळजवळ नाहीच. आपल्याकडे आरे-वारेला चढ येतो, दम काढतो आणि संपतो. मग उतार, खाडी, पूल, की पुन्हा चढ. तुझे पाय त्याला सरावलेत. मायोर्कातला चढ एकदा लागला की तास तास सोडत नाही. उभं राहून जोर लावून तो उरकता येत नाही, बसून एका लयीत कापावा लागतो. तेव्हा निघण्याआधी चार-पाच रविवार तरी साखरप्याकडून आंबा घाट चढ. वर पोहोचलास की खाली ये आणि लगेच पुन्हा चढ. दुसऱ्या वेळी पाय काय म्हणतात, ते मला कळव.

आता मार्ग. बार्सिलोनाहून बोटीने अल्कुदियाला उतरायचं आणि शेजारच्या पोर्ट दे पोयेन्सात मुक्काम करायचा. फेरी तिथूनच सुरू होईल आणि तिथेच संपेल. पोयेन्सा गाव, मग फेमेनियाची खिंड, युकचा मठ, तिथून पुढे सा कालोब्रा, परत वर येऊन पुच माजोर डोंगराचा बोगदा, सोयेर, सोयेरची खिंड, बुन्योला, आणि बेटाच्या मधल्या सपाटीवरून घरी. दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर आणि अडीच हजार मीटरच्या आसपास चढ.

पुष्कळ जण हीच फेरी उलट्या दिशेने करतात, सोयेरकडून पुच माजोर चढतात. तो चढ सलग चौदा किलोमीटरचा आहे. मोठ्या दिमाखाचा चढ आहे, पण त्याच दिवशी सा कालोब्राही करायचं तर पायांत काही शिल्लक राहत नाही. आपण उत्तरेकडून गेलो तर गोर्ग ब्लाउ आणि कूबेर या दोन तलावांपाशी पोहोचेपर्यंत बरीच उंची आधीच हातात असते. बोगद्यापर्यंत थोडंच चढायचं उरतं आणि ते चौदा किलोमीटर आपल्याला उताराचे मिळतात. शिवाय स्पेनमध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात. पोयेन्साहून नैर्ऋत्येला जाताना समुद्र उजवीकडेच असतो, म्हणजे जिथे जिथे तो दिसेल तिथे दरीकडची कड आपली. मी दिशा ठरवली ती या दोन कारणांनी, आणि ती बदलू नये असं मला मनापासून वाटतं.

सा कालोब्राबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण तुला इथे बोलावण्याचं खरं कारण तेच आहे. तो रस्ता पुढे कुठेच जात नाही. खाली एक लहानशी वाडी, समुद्र आणि तोरेंत दे पारेइस नावाची अरुंद घळ. जितकं उतरलास तितकं त्याच रस्त्याने चढून यायचं, नाहीतर बोट पकडायची. हा रस्ता आंतोनियो पारिएत्ती या अभियंत्याने आखला, तो १९३२ साली झाला. त्याने एकही बोगदा खणला नाही. डोंगर जिथे तीव्र झाला तिथे रस्ता वळवला, एका बाजूचा दगड फोडून दुसऱ्या बाजूला भर घातली, आणि हे सगळं बव्हंशी माणसांच्या हातांनी. एका जागी उंची साधायला अंतर कमी पडत होतं, तर रस्ता स्वतःभोवती गोल फिरून स्वतःच्याच खालून निघतो. तिथले लोक त्याला टायची गाठ म्हणतात. या आखणीचा लाभ आज सायकलवाल्याला होतो. साडेनऊ किलोमीटरमध्ये चढ सरासरी सात टक्के, मध्ये कुठे अचानक छातीत धडकी भरवणारा कडा नाही. एकदा गिअर आणि श्वास जुळला की २६ वळणं एकेक करून खाली पडत जातात. गेल्या वसंतात मी तो चढले तेव्हा वरून खालचे पट्टे बघताना सारखी तुझी आठवण येत होती. लहानपणी पाटीवर वळणावळणाचे रस्ते काढायचास, तू हा रस्ता बघायलाच हवा.

पण वेळ पाळायला हवी. उशिरा सकाळी तिथे पर्यटकांच्या मोठ्या बसगाड्या उतरायला लागतात आणि वळणावर बस आणि सायकल समोरासमोर आली की दोघांचीही पंचाईत. उजाडताच निघालो तर साडेनऊच्या सुमारास आपण खाली असू. तिथे फार रेंगाळायचं नाही. पोटभर खाणं सोयेरला. संत्र्यांच्या बागांचं गाव आहे, ताजा रस मिळतो. पा आंब ओली म्हणजे पाव, ऑलिव्हचं तेल आणि टोमॅटो, तुला चालेल. एन्साइमादा नावाची गोल गोड पोळी दिसायला सुरेख असते, पण तिच्यात डुकराची चरबी असते, त्यामुळे आईला विचारून काय ते ठरव.

सोयेरहून बुन्योलाला जाणारा मोठा बोगदा सायकलींना बंद आहे, म्हणून जुन्या खिंडीने जायचं. पाचशे मीटरच्या आसपास उंची, वळणंच वळणं, आणि गाड्या अगदी थोड्या, कारण त्या बोगद्यातून जातात. बुन्योलाला पोहोचल्यावर पाय बघून ठरवू. दम असेल तर आणखी एक खिंड चढून ओरिएन्त, अलारो. नसेल तर सरळ सपाटीवरून इन्का. मला विचारशील तर पहिल्या खेपेला सपाटी.

फेरीच्या आदल्या दिवशी फोर्मेन्तोरच्या दीपगृहापर्यंत जाऊन येऊ. तो रस्ताही पारिएत्तीचाच. उजव्या बाजूने चालवायची आणि उलट्या दिशेने फिरणाऱ्या चौकांची सवय तिथे होईल, ती सवय न होता तुला घाटाच्या उतारावर मी सोडणार नाही.

डोंगरभर दगडी बांधांच्या पायऱ्या दिसतील, त्यांवर ऑलिव्हची झाडं. चुना नाही, सिमेंट नाही, आपल्या गडग्यासारखे नुसते रचलेले दगड. त्या बांधांमुळे आणि अरबांच्या काळापासूनच्या पाटांमुळे २०११ साली ही डोंगररांग जागतिक वारसा ठरली. बाबांसाठी त्याचे फोटो काढायचेच आहेत.

सायकलचं सांगते. तुझी मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चक्रं, जास्तीत जास्त २८ दातांची आहे, ती इथे पुरणार नाही. किमान ३२ ची बसव, डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) घेत असेल तर ३४. ब्रेक पॅड नवे घाल, जुने सोबत आण. दोन ट्यूब, पुढचा-मागचा दिवा (बोगद्यांसाठी), आणि उतारावर घालायला पातळ वाऱ्याचं जाकीट. मे असला तरी वर घाम निघून लगेच खाली सुटलास की गारठशील. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे. आणि आईला सांग, इथे गाडीवाल्यांनी सायकलपासून दीड मीटर लांबून जायचं असा कायदा आहे आणि डोंगरात तो पाळतात, मी स्वतः पाहिलं आहे.

बोटीत सायकलींची जागा आधी धरावी लागते. म्हणून कॅसेट बदलून झाली की लगेच तारखा पक्क्या करून कळव, मी तिकिटं काढते. परतीला एक दिवस जास्त ठेव. देया गावाकडचा समुद्र त्या दिवशी बघू, आरामात.

आई-बाबांना नमस्कार, वहिनीला आणि पोरांना खूप प्रेम.

तुझी,
छोटी