जुन्या येझदीला इथेनॉल मानवत नाही

संपादक साहेब, नमस्कार.
वडिलांची १९७४ ची येझदी मोटारसायकल अजून रोज चालते बरं का, म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची. ६ व्होल्टचं वायरिंग काढून १२ व्होल्ट केलं, ठिणगीसाठीचे जुने पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक सीडीआय आला, आणि १२ व्होल्टमुळे रात्री रस्ता तरी दिसतो (आधी हेडलाइट म्हणजे काजवाच). पण २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचं काय करायचं? ते ओलावा धरतं, टाकी आतून गंजते, जुनी रबरी पाइप आणि वॉशर खराब होतात. सरकारने २०२१ ला पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी काढली, फी २० हजार, पण ती घेतली की रोज रस्त्यावर काढायची नाही, मग उपयोग काय? त्यापेक्षा प्रत्येक शहरात निदान एका पंपावर बिनइथेनॉलचं पेट्रोल द्या, थोडं महाग पडलं तरी चालेल.
– एक येझदीवाला, सातारा