स्पीडवे रायडरांचा मदतनिधी आणि ट्रॅकवरचे हात: मराठी मंडळींना आवाहन

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधला स्पीडवेचा, म्हणजे लंबगोल मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतींचा, हंगाम मार्चमध्ये सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत चालतो. त्याआधी आम्हाला दोन गोष्टी जमवायच्या आहेत: जखमी रायडरांसाठी पैसे आणि शर्यतीच्या संध्याकाळी कामाला माणसं. आरोग्यसेवेत नोकरी करणारे मराठी डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट मिडलंड्समध्ये पुष्कळ आहेत, म्हणून हे आवाहन मुद्दाम मराठीत.

खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी एरिक गुंडरसनची कारकीर्द सांगतो. तीत या खेळाचं सगळं येतं. डेन्मार्कच्या एस्बियर्गचा हा मुलगा 1979 साली, विशीही ओलांडली नव्हती तेव्हा, मिडलंड्समधल्या क्रॅडली हीथ क्लबकडून खेळायला आला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. 1984, 1985 आणि 1988 साली तो स्पीडवेचा वैयक्तिक विश्वविजेता झाला. 1985 ला ब्रॅडफर्डमध्ये तिघांचे गुण सारखे झाले होते. जादा शर्यतीत त्याने हान्स नील्सन आणि सॅम एर्मोलेंकोला मागे टाकलं. शिवाय 1984 आणि 1986 ची लाँग ट्रॅकची (मोठ्या ट्रॅकवरच्या अशाच शर्यतींची) विश्वविजेतेपदंही त्याचीच, म्हणजे 1984 साली दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर.

हे अवघड का, ते गाड्या पाहिल्या की कळतं. स्पीडवेची गाडी 500 सीसी, एक सिलिंडर, एकच गिअर, इंधन मेथॅनॉल आणि ब्रेक अजिबात नाही. ट्रॅक साधारण 300 मीटरचा, चार रायडर, चार फेऱ्या. मागचं चाक सतत घसरत ठेवूनच वळण घ्यायचं, डावा पाय लोखंडी तळव्याच्या बुटासह जमिनीला टेकवून. लाँग ट्रॅकला वाळूचा लंबगोल 1000 मीटरपर्यंत असतो. गाडी लांब, तिला दोन गिअर आणि मागे सस्पेन्शन. एका शर्यतीत रायडर जास्त आणि वेग कितीतरी अधिक. ब्रेक मात्र तिलाही नाही. एकीवर बसलेली सवय दुसरीवर अंगाशी येते.

17 सप्टेंबर 1989 रोजी ब्रॅडफर्डच्या ओडसल स्टेडियममध्ये सांघिक विश्वविजेतेपदाची अंतिम लढत होती. पहिल्याच हीटमध्ये (चार फेऱ्यांच्या एका शर्यतीत) चारही रायडर एकमेकांत अडकून पडले. गुंडरसनच्या मेंदूला इतकी गंभीर इजा झाली की जगेल की नाही हेच कळेना. तो जगला, पुन्हा चालायला शिकला, पुढे डेन्मार्कच्या संघाचा व्यवस्थापकही झाला. पण रायडर म्हणून 29 व्या वर्षी सगळं संपलं. क्रॅडली हीथचाच यान ओ. पेडरसन 1991 चा विश्वविजेता. 1992 मध्ये पाठीच्या दुखापतीने तोही ट्रॅकबाहेर गेला.

‘इथे दवाखाना फुकट आहे, मग पैसे कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. उपचाराला पैसे लागत नाहीत, घराला लागतात. रायडर क्लबचा पगारी नोकर नसतो. त्याला मिळकत गुणांवर मिळते. पहिल्याला 3, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, चौथ्याला शून्य. कॉलरबोन मोडलं की काही आठवडे, मांडीचं हाड मोडलं की अख्खा हंगाम मिळकत बंद. इंजिनं, व्हॅन, मेकॅनिक हा खर्च मात्र त्याच्याच खिशातला. मणक्याला मार बसला तर दाराशी उतार, रुंद दारं, खाली न्हाणीघर, कुटुंबाची दवाखान्याची ये-जा. स्पीडवे रायडर्स बेनेव्हलंट फंड ही नोंदणीकृत धर्मादाय संस्था अशाच वेळी मदत करते. आमच्याकडे जमणारे सगळे पैसे तिथेच जातील.

ब्रिटनमध्ये आयकर भरत असाल तर गिफ्ट एड या सरकारी योजनेचा अर्ज जरूर भरा. दर पौंडामागे सरकार 25 पेन्स घालतं आणि तुम्हाला जास्तीचं काही द्यावं लागत नाही. नाव आणि घरचा पत्ता नीट लिहा, अपुऱ्या अर्जावर परतावा मिळत नाही. भारतातून किरकोळ रक्कम पाठवू नका, त्यातलं बरंचसं बँकच कापून घेईल. इथल्या नातेवाइकाकरवी द्या.

आता माणसं. ठरलेली वैद्यकीय व्यवस्था ट्रॅकवर नसेल तर शर्यत सुरू करता येत नाही. रुग्णवाहिका जखमीला घेऊन गेली आणि दुसरी नसली तर प्रेक्षक बसून, रायडर खोळंबून. म्हणून प्रशिक्षित हात जास्त हवेत. येणाऱ्यांनी दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. श्वास अडलेला नसेल तर हेल्मेटला एकट्याने हात लावायचा नाही; ते दोघांचं काम, एकाने डोकं-मान स्थिर धरायची, दुसऱ्याने काढायचं. आणि मेथॅनॉलची ज्वाला भर उन्हात दिसत नाही. रायडर धूर नसताना अंग झटकतोय असं दिसलं तर तो पेटला आहे असंच समजा आणि भरपूर पाणी ओता. मेथॅनॉल पाण्यात मिसळतं.

वैद्यकीय ज्ञान नसलेल्यांना ट्रॅकचं काम आहे. ट्रॅकवर पसरलेला दगडमातीचा चुरा चाकांनी उडून बाहेरच्या कुंपणाकडे जातो आणि आतल्या रेषेवर खड्डे पडतात. तो दाताळ्याने परत ओढायचा, ट्रॅक्टर समतल करून गेला की पाणी सारखं पडलंय का पाहायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण बरेच अपघात इथूनच सुरू होतात: एखादा ओला, घट्ट पट्टा आला की घसरणारं चाक अचानक पकड घेतं, गाडी सरळ होते आणि थेट कुंपणावर जाते. कुंपणाच्या हवेच्या गाद्यांखाली चुरा साचला की त्या उचलल्या जातात आणि फटीत गाडी शिरते. तिथे फावडं घेऊन एक माणूस कायम हवा. आमच्याकडे सहा दाताळी, दोन फावडी आणि रबरी हातमोज्यांचे दहा जोड कमी आहेत, वस्तुरूपानेही चालतील.

येताना पुढून लोखंडी टोपीचे बूट, जाड पँट आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा हवा. शर्यतीच्या दोन तास आधी पिट्सच्या (गाड्या तयार करण्याच्या जागेच्या) दाराशी या, नोंदवहीत सही केल्याशिवाय आत सोडणार नाहीत. 18 वर्षांखालच्यांना आम्ही ट्रॅकवर घेणार नाही, ती मुलं दारावर देणगीचे डबे घेऊन उभी राहू शकतील.

आपले,
मिडलंड्समधील मराठी ट्रॅक-स्वयंसेवक