मुघल-ए-आझम मूळ ब्लॅक अँड व्हाइटमध्येच दाखवा

संपादक महोदय,

परवा टीव्हीवर पुन्हा एकदा 'मुघल-ए-आझम' लागला होता आणि पुन्हा तोच २००४ चा रंगवलेला! रंग वाईट आहेत असं नाही म्हणत मी, मेहनत दिसते, पण के. आसिफने १९६० साली बहुतेक सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट ठेवून मधेच शीशमहालाचं गाणं रंगीत आणलं, तेव्हा थिएटरातल्या लोकांना जो झटका बसला असेल तो आता सगळंच रंगीत झाल्यावर कुठून बसणार?

आणि तो पिसाचा सीन, मागे तानसेनासाठी बडे गुलाम अली खाँसाहेबांचा आवाज, पुढे दिलीपकुमार-मधुबाला, कोणी एक शब्द बोलत नाही, नुसता सावली-उजेडाचा खेळ. तिथे रंग हवेतच कशाला? अनारकली-सलीमची गोष्ट इतिहास म्हणून खरी नाही हे मलाही माहितीये हो, पण पृथ्वीराज कपूर गरजले की कोण पुरावे मागत बसतं! आपल्या दुर्गाबाई खोट्यांची जोधाबाई मात्र लोक विसरतात, नवरा की मुलगा या कात्रीत सापडलेली बाई त्यांनी नुसत्या डोळ्यांनी उभी केलीये, त्यांच्याबद्दल कोणी चार ओळी लिहित नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

चॅनलवाल्यांनो, एकदा तरी मूळ प्रिंट लावा, तेही तीन तासांवरचा सिनेमा न कापता. जाहिराती हव्या तेवढ्या घाला, आम्ही बसतो.

- एक जुना प्रेक्षक