मॅडमच्या दाराबाहेरची खुर्ची

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर नोकरी लागल्याचं सांगितलंस, पण पदाचं नाव घेताना तुझा आवाज खाली गेला. ‘एक्झिक्युटिव्ह असिस्टंट’ म्हणालास आणि लगेच ‘सध्या तरी’ असं शेपूट जोडलंस. माझी सगळी नोकरी त्याच खुर्चीवर गेली, त्यामुळे ते शेपूट मला जरा टोचलं. म्हणून हे पत्र.

मुलानं सेक्रेटरीचं काम करायचं का, असं कुणीतरी तुला ऐकवलं असणार. त्याला सांग, 19व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ते पुरुषांचंच काम होतं. 1874च्या सुमारास रेमिंग्टनचा टाइपरायटर विक्रीला आला आणि पुढच्या काही दशकांत त्या खुर्चीवर बायका आल्या. त्याबरोबर लोकांच्या मनातली त्या कामाची किंमत का उतरली, यावर मी बोलायला बसले तर पत्र संपायचं नाही.

आता कामाचं बोलू. पहिले काही दिवस तुला वाटेल की आपलं काम म्हणजे कॅलेंडर भरणं. ते तर आपोआप भरतं, ज्याला त्याला तुझ्या मॅडमचा, म्हणजे तुझ्या वरिष्ठांचा, अर्धा तास हवा असतो. तुला त्यातल्या मोकळ्या जागा राखायच्या आहेत. बोर्ड मीटिंगच्या आधीचा तास कुणालाही द्यायचा नाही, पाठोपाठच्या दोन मीटिंगमध्ये निदान दहा मिनिटं सोडायची, आणि ‘होल्ड’ म्हणून अडवलेल्या वेळा पक्क्या झाल्या नाहीत तर आठवणीनं सोडून द्यायच्या. मी पाहिलंय, नवी माणसं होल्ड टाकतात आणि विसरतात. मग ज्याला खरंच भेटायचंय त्याला महिनाभर जागा नाही!

पहिल्याच आठवड्यात मॅडमसोबत शांतपणे अर्धा तास बस आणि विचार: कुणाचा फोन आला तर तुम्हाला मीटिंगमधून उठवायचं? कुणाला आठवडाभर थांबवलं तरी चालेल? कुठल्या मेलला मी परस्पर उत्तर द्यायचं, कुठलं तुम्हाला दाखवून, आणि कुठल्या मेलला हातच लावायचा नाही? हे विचारायला संकोच वाटतो. मी विचारलं नव्हतं, आणि साहेबांच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधण्यात माझं पहिलं वर्ष गेलं.

आता एक गोष्ट तुला सांगते, जी मी घरी कधी बोलले नाही. मार्च महिना होता. न्यूयॉर्कचे तिघे आणि लंडनचे दोघे यांच्याबरोबर साहेबांचा कॉल मी लावला होता. दोन शहरांत पाच तासांचं अंतर, हे मला तोंडपाठ. म्हणून निमंत्रणाच्या मजकुरात हातानं लिहिलं, न्यूयॉर्क सकाळी 10, लंडन दुपारी 3. उन्हाळ्यासाठी अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे करतात, ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत ते अंतर चार तासांवर येतं. आमचा कॉल नेमका त्यातल्याच एका मंगळवारी होता. न्यूयॉर्कवाले हजर, साहेब हजर, आणि लंडनच्या दोन चौकटी रिकाम्या. साहेबांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं.

आणि मी काय केलं? जुन्या मेल उघडून शोधत बसले, की वेळ लिहिताना चूक लंडनवाल्यांची तर नाही ना. आठ मिनिटं. तोवर साहेब तिघा परक्या माणसांशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते. शेवटी आत जाऊन चिठ्ठी ठेवली: ‘चूक माझी. लंडनला आत्ता 2 वाजलेत. फोन करून बोलावते, दहा मिनिटं द्या.’ लंडनवाले सातव्या मिनिटाला आले. संध्याकाळी साहेब एवढंच म्हणाले, “ही चिठ्ठी आठ मिनिटं आधी यायला हवी होती.” घड्याळाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

घड्याळाचा उपाय सोपा निघाला. हातानं वेळ लिहायची नाही, कॅलेंडरमध्ये टाइम झोन निवडायचा. शिवाय ऑक्टोबरअखेरीस ब्रिटनची घड्याळं आधी मागे येतात, अमेरिकेची नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, तोही आठवडा लक्षात ठेवायचा. त्या आठ मिनिटांचा उपाय मात्र अंगी बाणायला वेळ लागला. वाईट बातमी मॅडमना इतर कुणाकडून कळायच्या आत तुझ्याकडून कळली पाहिजे, आणि ‘आता काय करू?’ असं विचारत जायचं नाही. काय झालं, दोन वाटा कोणत्या, त्यातली तुला कुठली बरी वाटते. तीन वाक्यं पुरे. त्या तुझी वाट घेणार नाहीत कदाचित, पण तुला मत आहे हे त्यांच्या ध्यानात येईल, आणि इथूनच तुझ्याकडे मोठी कामं यायला लागतील.

प्रवासाचं थोडक्यात: तिकिटावरचं नाव पासपोर्टवर आहे अक्षरन् अक्षर तसंच हवं. पासपोर्टची मुदत नुसती संपलेली नाही एवढ्यावर जाऊ नकोस. बरेच देश सहा महिने शिल्लक मागतात, युरोपातले सामायिक व्हिसाचे शेंगेन देश परतीच्या तारखेनंतर तीन महिने. आणि तारीख लिहिताना महिना अक्षरात लिही. 03/04 म्हणजे अर्ध्या जगाला 3 एप्रिल आणि अमेरिकेला 4 मार्च.

एक दिवस मॅडमच्या नावानं मेल येईल: ‘मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस, या खात्यात लगेच पैसे पाठवायची व्यवस्था कर.’ भामटे असिस्टंटलाच गाठतात, कारण साहेबाचं काम अडू नये ही आपली सवय त्यांना ठाऊक असते. आता तर आवाजाची नक्कलही होते. तुझ्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचार, मीटिंगमध्ये असल्या तरी. रागावल्या तर रागावू देत.

दुसऱ्या साहेबांच्या असिस्टंटशी नीट ओळख ठेव. साहेबांना चार मेल टाकून जी वेळ मिळत नाही, ती त्यांची असिस्टंट एका फोनवर काढून देते, आणि उद्या ती तुझ्याकडे मागेल. नाही म्हणतानाही समोरच्याला पुढची तारीख नाहीतर दुसऱ्या माणसाचं नाव देऊन परत पाठव.

मीटिंगची टिपणं आता सॉफ्टवेअर काढतं, असं तू म्हणशील. काढू दे. पण काय ठरलं, कुणी करायचं आणि कधीपर्यंत, हे तूच लिही. रागाच्या भरात कोण काय बोललं आणि त्यातलं काय कागदावर जाऊ नये, हे त्या यंत्राला कोण सांगणार?

राहिलं तुझं ‘सध्या तरी’. उर्सुला बर्न्स यांचं नाव ऐकलंयस? झेरॉक्समध्ये इंजिनिअर होत्या. 1990 मध्ये त्यांना एका वरिष्ठाची एक्झिक्युटिव्ह असिस्टंट व्हायला सांगितलं, पुढच्या वर्षी थेट कंपनीच्या प्रमुखाची. 2009 मध्ये त्या स्वतःच झेरॉक्सच्या सीईओ झाल्या. सगळ्यांचं असं होत नाही, माझं झालं नाही. पण कंपनीतले मोठे निर्णय कसे होतात, कुठे अडतात, कोण कशावर नमतं, हे इतक्या जवळून दुसऱ्या कुठल्या खुर्चीवरून दिसत नाही. तिथून कुणी ऑपरेशन्समध्ये जातं, कुणी चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे प्रमुखाचा उजवा हात, होतं, कुणी मजेत तिथेच राहतं. मी राहिले.

सोबत माझी एक जुनी वही पाठवते आहे. अर्धी पिटमनच्या शॉर्टहँडमध्ये आहे, तुला वाचता येणार नाही. त्यात पातळ रेघ म्हणजे ‘प’ आणि तीच रेघ जाड काढली की ‘ब’, आणि घाईत माझ्या सगळ्याच रेघा सारख्या जाड यायच्या. आता काही ओळी माझ्या मलाही लागत नाहीत. शेवटच्या पानावर घड्याळं बदलायचे रविवार लिहिलेत, ते तेवढे उतरवून घे.

मधली काही पानं फाडलेली दिसतील. सेक्रेटरी हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ गुपित. साहेबांना जाऊन आता सहा वर्षं झाली, पण त्या पानांवर काय होतं ते मला विचारू नकोस. तुझ्या बाबांनीही विचारून पाहिलं होतं.

तुझी,
आई