अनघाला, केवडियाच्या कामाबद्दल

बडोदे

चि. अनघा,
अनेक आशीर्वाद.

केवडियाजवळच्या रिसॉर्टच्या बागेचं काम तुझ्याकडे आलं, हे बाबांनी अर्ध्या दांडिया बाजारात सांगून झालंय. मलाही आनंद आहे. पण "जागा सरकारचीच आहे, कुणाची भानगड नाही" असं तू म्हणालीस, ते मनातून जाईना. फोनवर तू घाईत असतेस, म्हणून लिहिते.

भानगड १९६१ ची आहे. त्या वर्षी नेहरूंनी नर्मदेच्या धरणाची पायाभरणी केली आणि वसाहतीसाठी, कचेऱ्यांसाठी केवडिया, कोठी, वाघडिया, लिमडी, नवागाम, गोरा या सहा गावांची जमीन घेतली गेली. वस्ती मुख्यतः तडवी आदिवासींची. सगळी जमीन काही वापरात आली नाही. सातबारा सरकारचा, पण तूर, मका पिकवायचे तडवीच. पुढे १९७९ मध्ये नर्मदेच्या पाणीतंट्याच्या लवादाने बुडणाऱ्या गावांना जमिनीच्या बदल्यात जमीन ठरवली. ही गावं बुडणार नव्हती, म्हणून त्यात बसली नाहीत! मग २०१८ मध्ये तिथे सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा उभा राहिला आणि धरणाच्या नावाने घेतलेली जमीन पर्यटनाला लागू लागली. मला खटकतं ते हे. ज्या कामासाठी घेतली ते बदललं, तर कसणाऱ्याला पुन्हा विचारायला नको?

बाबा म्हणतात, रोजगार मिळाला ना. मिळाला. तिथल्या बायका गुलाबी ई-रिक्षा चालवतात, छान वाटतं. पण शेतावर म्हातारीपासून पोरापर्यंत सगळं घर खपतं आणि वर्षाचं धान्य कणगीत येतं. नोकरी लागते एखाद्याला, तीही कंत्राटदाराच्या मर्जीवर. २०२० मध्ये पुतळा कित्येक महिने बंद होता, तेव्हा पर्यटकांवर पोट असलेल्यांनी काय केलं असेल? त्याच लॉकडाऊनमध्ये तिथे कुंपणं घालायला सुरुवात झाली, आणि गावकरी आडवे आले.

काम सोड असं मी म्हणत नाही. तू नाही केलंस तर दुसरी कुणी करेल, आणि ती विचारणारही नाही. जागेवर जाशील तेव्हा आसपासच्या बायकांशी बोल. मोहाची फुलं कोण वेचतं, गुरं पाण्यावर कुठून जातात, ते नकाशावर आधी मांड. तुझ्या त्या विदेशी गवताला पाणी कुठून येणार, तेही विचार. साहेबांना आवडणार नाही, पण विचार.

केवडियाची गाडी बडोद्याहूनच सुटते, तेव्हा आदल्या रात्री घरी मुक्कामाला ये. बाबा शेवउसळ आणायचं म्हणतायत.

तुझी,
आई