चवीपुरतं तेल म्हणजे किती ग्रॅम?

संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतल्या पाककृतींबद्दल एक विनंती करायचीय, पण ती नुसतीच केली तर तुम्ही म्हणाल ह्या बाईंना दुसरं काम नाही, म्हणून जरा मागून सुरुवात करते.

मी ५४ वर्षांची, राहायला नौपाड्यात, नोकरी फोर्टला बँकेत. गेल्या वर्षी हाडांची तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले नुसतं चालून भागणार नाही, वजनं उचला. तलावपाळीला रोज चार फेऱ्या मारणाऱ्या बाईला हे जरा लागलंच, पण गेले. जिममधला ट्रेनर मला काकू म्हणतो, माझ्या मुलाहून लहान आहे, त्याने फोनमध्ये दोन ॲप टाकून दिली, एक खाण्याचं एक व्यायामाचं. आठ महिने दोन्ही रोज भरतेय, आणि माझं मत असं झालंय की व्यायामाचं ॲप खरं बोलतं आणि खाण्याचं थापा मारतं, आणि त्या थापांत निम्मा वाटा आपलाच असतो.

व्यायामाचं सोपं आहे. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उभं राहून उचलायचा, गेल्या खेपेला ४५ किलो, आठ-आठ वेळा असे तीन सेट, असं ते आज समोर दाखवतं, मग आज नववा रिप, म्हणजे नवव्यांदा उचलणं, निघतोय का बघायचं किंवा अडीच किलो वाढवायचे. किलो म्हणजे किलो, त्यात मनाला समजावायला जागाच नाही. माझे वडील जोर-बैठकांचा हिशोब भिंतीवर खडूने ठेवायचे, हे तेच, फक्त भिंत खिशात आली. सुरुवातीला २० किलोचा रिकामा बार उचलताना कंबर धरून बसलेली मी आता ४५ उचलते, आणि हे ऑफिसात कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही म्हणून फोन काढून दाखवते, हो, दाखवते!

अडचण एकच आली. आमच्या जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची, दोन्ही बाजूंना लावली की एकदम पाच. बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणं पडून बार वर ढकलायचा त्याला, मी २० वर होते, पुढची उडी थेट २५, म्हणजे पाव हिस्सा जास्त, जमेना. शेवटी सव्वा किलोच्या दोन प्लेट स्वतः विकत आणल्या, कापडी पिशवीत भाजीखाली घालून नेते. रिक्षावाल्याने एकदा पिशवी उचलून दिली आणि विचारलं, ताई, कांदे की दगड?

आता खाण्याचं. ॲपमध्ये ‘आमटी’ टाइप केलं की ढीगभर नोंदी येतात, बऱ्याचशा कुणीकुणी आपल्या मनाने भरलेल्या. एकीत वाटीला प्रोटीन ४ ग्रॅम, दुसरीत १३. पटेल ती निवडा. मी कुठली निवडत असेन तुम्हीच सांगा. गंमत अशी की खरा आकडा सापडत नाही असं नाही, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली पाचशेवर भारतीय जिनसा तपासून तक्ते काढलेत, त्यात तूरडाळीला १०० ग्रॅममागे साधारण २२ ग्रॅम प्रोटीन दिलंय. पण ते कच्च्या डाळीचं. डाळीत पाणी किती घातलं हे हैदराबादला कसं कळणार, माझी आमटी पातळ आणि सासूबाईंची चमचा उभा राहील अशी. म्हणून आता मी कच्ची डाळच काट्यावर टाकते, चौघांना १५० ग्रॅम, म्हणजे अख्ख्या पातेल्यात ३३ ग्रॅम प्रोटीन, माणशी आठ. मग पाहुणे आले म्हणून दोन भांडी पाणी वाढवलं तरी पातेल्यात ३३ च.

तेलाने तर माझे डोळेच उघडले. रोज ॲपमध्ये फोडणीचं तेल एक चमचा असं इमानेइतबारे टाकत होते, म्हणजे चाळीसेक कॅलरी. एकदा सोमवारी तेलाची बरणी काट्यावर ठेवली, आकडा फ्रिजवर चिकटवला आणि पुढच्या सोमवारी परत ठेवली, ७०० ग्रॅम कमी. चार माणसं, सात दिवस, माणशी रोज २५ ग्रॅम, ग्रॅमला ९ कॅलरी, झाल्या २२५. आमचे हे म्हणाले त्यात शनिवारची भजी पण आली की. आलीच ना, भजी काय शेजाऱ्यांनी खाल्ली?

आणि ॲपने मला दिलेलं टार्गेट रोज १२४ ग्रॅम प्रोटीन. माझं वजन ६२. त्याच हैदराबादच्या संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३, म्हणजे ५१ च्या आसपास. वजनं उचलणाऱ्याला जास्त लागतं हे मान्य, दीडेक ग्रॅमपर्यंत सांगतात, तरी नव्वदेक होतात. १२४ कुठून आले ते खाली सरकवल्यावर कळलं, तिथे पावडरच्या डब्याची जाहिरात होती. शिवाय मनगटातलं घड्याळ व्यायामानंतर म्हणतं तुम्ही २८० कॅलरी जाळल्या आणि ॲप लगेच तेवढं खायची मुभा देतं. घड्याळ बिचारं नाडीवरून अंदाज बांधतं, वजन उचलताना जोर लावल्याने पण नाडी वाढते हे त्याला काय माहीत. त्या मुभेवर मी महिनाभर वडापाव खाल्ले, स्टेशनबाहेर उभं राहून, अगदी हक्काने.

माझी १९ वर्षांची भाची मात्र उलट. परवा जेवायला आली आणि वरणभात बाजूला सारला, कोटा संपला म्हणे. मी म्हणलं अगं ज्या आकड्यापायी उपाशी बसलीस तो कुणीतरी लोळत लोळत भरलाय. तरी नाही घेतला. तेव्हापासून ह्या विषयावर लिहायचं डोक्यात होतं.

तर विनंती अशी. तुमच्या पाककृतींत ‘चवीपुरतं’, ‘अंदाजाने’, ‘पळीभर तेल’, ‘मूठभर डाळ’ असतं, वाचायला छान वाटतं, आजीची आठवण येते, सगळं खरं. पण त्याच्याखाली एक ओळ टाकाल का, कच्ची डाळ किती ग्रॅम, तेल किती ग्रॅम, दाण्याचं कूट किती आणि शिजून किती वाट्या झालं? पाककृती पाठवणाऱ्यांकडे तुम्ही मागितलंत तर त्या देतील, स्वयंपाकघरातला काटा काही फार महाग मिळत नाही. आणि वाटी किती मिलीची तेही छापा, आमच्या घरात तीन साइजच्या आहेत आणि ह्यांच्या ताटात नेहमी मोठीच येते.

आपली,
एक नेहमीची वाचक
नौपाडा, ठाणे (प.)