चवथीला येण्याआधी आपला सातबारा बघा: दोडामार्ग-सावंतवाडीच्या रानासाठी आवाहन

मुंबई, पुणे, बेळगाव, गोवा, जिथे असाल तिथल्या सर्व चाकरमानी बंधू-भगिनींना गावाकडून सप्रेम नमस्कार.

आपल्या डोंगरावरचे बरेचसे रान सरकारचे नाही, आपल्याच सातबाऱ्यावर आहे. पणजोबांच्या नावची सामाईक जमीन, वारसांची ही लांबलचक यादी, निम्मे लोक मुंबईला, आणि काहींना आपले नाव त्यात आहे याचा पत्ताच नाही. जमिनीच्या एजंटांना मात्र तो बरोबर ठाऊक आहे.

त्यांची पद्धत ठरलेली. दोन-तीन वारसांना गाठायचे, थोडे पैसे हातावर ठेवायचे, कुलमुखत्यारपत्रावर सह्या घ्यायच्या. मग एक दिवस डोंगरावर जेसीबी चढतो. विचारले तर उत्तर तयार: "काजू लावायचेत, तेवढ्यापुरता कच्चा रस्ता." रस्ता झाला की ट्रक वर जातो, आणि ट्रक गेला की ऐन, किंजळ, जांभा ही झाडे बघता बघता आडवी होतात. मागून रबर येतो, अननस येतो, नाहीतर प्लॉटची जाहिरात. आजवर उरलेले रान आपण राखले म्हणून उरले असे म्हणायला बरे वाटते. खरे तर पुष्कळ ठिकाणी तिथे गाडी जात नव्हती म्हणूनच ते उरले. तेव्हा झाडे पडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा जेसीबीला खालीच अडवायचे, असे आम्ही ग्रामस्थांनी ठरवले आहे.

गैरसमज नको. वाडीवर जाणारा रस्ता हवाच. पावसात आजारी माणसाला डोलीतून उतरवायची पाळी कोणावर येऊ नये. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाबद्दल ज्या त्या गावची ग्रामसभा काय ते ठरवेल. हे पत्र त्यासाठी नाही. ज्या डोंगरावर माणूस राहत नाही तिथे कोणासाठी रस्ता काढता, एवढेच आमचे विचारणे आहे.

कायद्याचा आधार आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला मनाई केली. 22 मार्च 2024 च्या निकालात 25 गावे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करण्याची प्रक्रिया करायला केंद्राला सांगितले आणि तोडीवर लक्ष ठेवण्यासाठी कृती दल नेमायला लावले. पण कटर मशीन रात्री चालते, आणि सकाळी तक्रार नोंदवायला गट नंबर, फोटो, तारीख लागते. आपण कमी पडतो ते इथे.

हा पट्टा म्हणजे राधानगरीकडून गोव्यातल्या म्हादई आणि कर्नाटकातल्या भीमगड अभयारण्यांकडे जाणारी वाघाची वाट. 2020 मध्ये तिलारीचे 29.53 चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव झाले, ते सरकारी. त्याला लागून असलेले आपले खासगी रान तुटले तर वाट मधेच तुटणार. हेवाळे-बांबर्ड्याला चिखलातून मुळे वर काढून उभी असलेली रानजायफळाची राई आजही आहे, कारण लोकांनी तिला देवाची मानले. हत्तींचा त्रास आम्हाला चांगलाच ठाऊक आहे. 2002 पासून माड, केळी मोडलेली बघतो आहोत. पण वरचे रान गेल्यावर ते कमी उतरतील असे ज्याला वाटते त्याने एकदा विचार करावा. व्हाळाचे (ओढ्याचे) पाणी आणि त्यावरची कुळागरेही (सुपारीच्या बागाही) त्याच रानाच्या जिवावर. कळण्यात जुलै 2021 मध्ये खाणीचा बांध फुटून घरादारांत, शेतात चिखल शिरला, तो पुन्हा सांगायला नको.

आता तुमच्याकडून काय हवे ते.

पहिले आणि सगळ्यात मोठे काम बिनपैशाचे आहे. आपल्या गटाचा सातबारा आणि आठ-अ काढून बघा. कोणत्याही कोऱ्या कागदावर किंवा मुखत्यारपत्रावर, भावाने सांगितले तरी, न वाचता सही करू नका. फेरफाराच्या नोटिसा 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर लागतात. जिल्हा, तालुका, गाव निवडले की दिसतात. हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात, ते गेले की प्रांताकडे अपिलाच्या खेपा. घरातल्या एखाद्या पोराला आठवड्यातून एकदा ते पान उघडायचे काम द्या.

दुसरे, पैसे. मोजणीची फी, दाखले, वकील, रात्रीच्या गस्तीला जीपचे डिझेल. घरटी 500 रुपये आले तरी पुष्कळ. जास्त देणाऱ्याला कोणी अडवणार नाही. पावती मिळेल, हिशोब ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल. पावतीशिवाय कोणाच्याही हातात पैसे देऊ नका, आमच्यासुद्धा.

तिसरे, तुमच्यात वकील, सर्व्हेअर, नकाशे करणारे, महसूल खात्यातून निवृत्त झालेले कोणी असतील तर त्यांनी चवथीचे दोन दिवस गावाला द्यावेत.

पाच दिवसांचे गणपती पोचवले की दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता देवळाच्या सभामंडपात बसायचे आहे. सातबाऱ्याची प्रत आणि आधार कार्ड सोबत आणा. ज्यांना रजा नाही त्यांनी गावातल्या भावबंदांकडे गट नंबर कळवून ठेवावा.

आपले,
समस्त ग्रामस्थ